मगदूमसाहेबांचा मेथीचा वाफा

धन्यकुमार मगदूम यांच्यावर आजवर जेवढी संकटं आली, ती सगळी जेवताना बोलल्यामुळे आली. कचेरीत ते मोजकं बोलत. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस शब्द जपून वापरतो, कारण तिथं प्रत्येक शब्दाला पुढे जावक क्रमांक पडतो. पण घरी ताट समोर आलं आणि शेजारी एखादा पाहुणा असला, की साहेबांची जीभ सैल सुटायची.

त्या दिवशी कुंडलचे व्याही जेवायला होते आणि गुणमालाबाईंनी मेथीची भाजी केली होती. साहेबांनी पहिला घास घेतला, भुवया वर चढवल्या आणि व्याह्यांना म्हणाले, "चाळीस वर्षं झाली लग्नाला, पण हिला बाजारातून धड मेथी आणता आली नाही. आणि पिकवायला तरी काय अक्कल लागते हो? बी टाकलं की पंचवीस दिवसांत भाजी. हिला तेही जमायचं नाही."

व्याही भला माणूस. त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली. गुणमालाबाईंनी ती वाढली. आपलं म्हणणं सर्वांना पटलं, असं समजून साहेब वामकुक्षीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई देवळातून आल्या त्या नियम घेऊनच. सांगलीतल्या जैन घरात नियम ही काही नवलाची गोष्ट नाही. कुणी चार महिने तूप सोडतं, कुणी वर्षभर गोड सोडतं. पण हा नियम अगदी मापानं शिवून घेतलेला होता.

"आजपास्नं मी पालेभाजी खानार न्हाई," साहेबांपुढे चहा ठेवत त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी आपल्या दारात, तुमच्या हातानं पिकवून द्याल, तवाच तोंडात घालीन. भगवंतापुढं बोलून आलीया."

साहेब हसले. ही गोष्ट कार्तिकातली. त्यानंतर बराच काळ त्यांना हसायची संधी मिळाली नाही, म्हणून नोंद करून ठेवलेली बरी.

माघ लागेपर्यंत बाईंना जिना चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या पोटाला मानवल्या नाहीत. मग डॉक्टर म्हणाले, "तर मग पालेभाज्या भरपूर खा, काकू. महिन्याभराने पुन्हा रक्त बघू." काकूंनी त्यांना नियम सांगितला. नियमाबरोबर त्याचं कारण सांगितलं, कारणाबरोबर साहेबांचं व्याह्यांपुढचं वाक्य सांगितलं, आणि त्यातला एकही शब्द गाळला नाही. डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. साहेब भिंतीवरचं बाळाच्या लसीकरणाचं वेळापत्रक वाचू लागले.

घरी आल्यावर त्यांनी विनवणी करून पाहिली. "सोड ना तो नियम. मी चुकून बोललो असेन."

"भगवंतापुढचा नियम म्हंजे तुमच्या कचेरीतला अर्ज हाय व्हय, मागं घ्यायला?" असं म्हणून बाई उठल्या. उठताना त्यांनी भिंतीला हात लावला आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. बायको आजारी पडू शकते, ही शक्यता त्यांनी चाळीस वर्षांत कधी विचारातच घेतली नव्हती.

त्यांनी भिंतीवरचं पंचांग उतरवलं. फाल्गुनात अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टान्हिकेचं पर्व. ते आठ दिवस बाई एकदाच जेवतात आणि हिरव्या भाजीला शिवत नाहीत. आताच भिंत धरून उठणारी बाई त्या आठ दिवसांतून कशी निघणार? म्हणजे फाल्गुनातल्या सप्तमीच्या दुपारपर्यंत ताटात पालेभाजी पडलीच पाहिजे. हातात एकतीस दिवस होते, मेथीला पंचवीस लागतात. कागदावर हिशेब बिनचूक बसत होता, आणि कागदावर बिनचूक बसलेल्या योजनांचं पुढे काय होतं, हे साहेबांइतकं महाराष्ट्रात कुणालाच ठाऊक नसेल.

विश्रामबागेतल्या त्यांच्या घरापुढे, फाटक आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये दहा फूट बाय बारा फूट जागा होती. तिच्यात मुरूम होता, घर बांधताना उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे होते आणि एक गंजलेलं घमेलं होतं. साहेबांनी कुदळ मारली. कुदळ उसळून परत आली.

शेजारचे नाथाजी हे कुंपणावरून पाहत होते. नाथाजी मूळचे पाटणकडचे, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. निवृत्तीनंतर त्यांना हुकूम द्यायला माणूस उरला नव्हता, तो आता सापडला.

"मगदूमसाब, असं न्हाई! पाय फाकवा. कंबर सिधी. हां, आता मारा! दुश्मनाचा मोर्चा हाय समजा!"

बाई खिडकीतून म्हणाल्या, "हळू मारा. खाली गांडूळ असंल, जीवजंतू असंल."

एका बाजूनं दुश्मन आणि दुसऱ्या बाजूनं जीवदया अशा पेचात साहेबांनी चार दिवस खणलं. तेवढ्यात निघालेल्या तीन अळ्या त्यांनी कागदावर उचलून नाथाजींच्या कुंपणावर सोडल्या. कचेरीच्या भाषेत याला प्रशासकीय बदली म्हणतात.

"माती भुकेली हाय," नाथाजींनी निर्णय दिला. "रसद पायजे. लेंडीखत."

आता लेंडीखत म्हटल्यावर साहेबांना आकारामची आठवण झाली. आकाराम आटपाडीचा धनगर. पाण्याच्या अर्जासाठी तो वर्षानुवर्षं कचेरीत यायचा, आणि साहेबांनी एकदा त्याचा अर्ज नुसता वाचला होता. एवढ्या उपकारावर तो माणूस दरवर्षी संक्रांतीला फोन करायचा. साहेबांनी त्याला फोन लावला.

"थोडं लेंडीखत मिळेल का रे?"

"आवं साहेब, थोडं कशाला? मेंढरं हितंच हायत, मिरजंच्या माळावर. घिऊनच येतो की. एक रात बसवली, की काम झालं."

रानात मेंढरं बसवायची ही रीत साहेबांना ऐकून माहीत होती. कळप रात्रभर रानात बसतो, खत तिथंच पडतं आणि रानाचा मालक धनगराला धान्य देतो. साहेबांच्या अंदाजाने पाच-सहा मेंढ्या येणार होत्या. रान केवढं आहे, हे आकारामनं विचारलं नाही, कारण अर्ध्या एकराच्या खाली त्याला आजवर कुणी बोलावलंच नव्हतं. आणि साहेबांनी सांगितलं नाही, कारण विचारल्याशिवाय माहिती द्यायची नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास कॉलनीत दीडशे मेंढरं शिरली.

पुढे आकाराम, मागे त्याची बायको अंजना, मध्ये घोडं आणि त्याच्यावर बिऱ्हाड. आकाराम फाटकापाशी येऊन थांबला. त्याने दहा बाय बाराचा वाफा पाहिला. मग साहेबांकडे पाहिलं. मग पुन्हा वाफा पाहिला.

"साहेब, रान कुठं हाय?"

"हेच," साहेब म्हणाले.

आकाराम जुना माणूस. बोलावून आणल्यावर बसवल्याशिवाय जायचं नाही, हा त्याचा धर्म. त्याने वाफ्यात दाटीवाटीनं वीस मेंढरं बसवली आणि बाकीची एकशेतीस कॉलनीच्या रस्त्यावर, बाकड्यांभोवती आणि ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बसली. गुणमालाबाईंनी मात्र रीत मोडली नाही. त्यांनी धाप टाकत टाकत आतून ज्वारी आणली आणि अंजनाच्या ओटीत घातली. सकाळी कळप गेला. वाफ्यात खताचा थर होता, आणि वाफ्याबाहेर त्याच्या सहापट.

अकरा वाजता सोसायटीच्या अध्यक्षा संयोगिताबाई घोरपडे यांची नोटीस आली. उपविधीनुसार पाळीव प्राणी ठेवण्यापूर्वी नोंदणी आवश्यक होती. प्रत्येक प्राण्यामागे एक अर्ज, सोबत प्राण्याचा अलीकडचा फोटो आणि लसीकरणाचा दाखला. दीडशे कोरे अर्ज सोबत जोडले होते.

एका कागदासाठी लोकांचे अर्ज परत करण्यात साहेबांची उमेदीची वर्षं गेलेली. ती नोटीस वाचताना त्यांना एकाच वेळी राग आला आणि आदरही वाटला. त्यांनी रीतसर उत्तर लिहिलं: सदर मेंढरे पाळीव नसून पाहुणी होती, सबब प्रकरण दप्तरी दाखल करावे. यावर संयोगिताबाईंनी एका ओळीत कळवलं, की प्रकरण विचाराधीन असून निर्णय होईपर्यंत सोसायटीच्या टाकीचे पाणी सदर वाफ्यास देता येणार नाही. वाफ्याजवळच्या नळाला तोटीपाशी सुतळी बांधून वर लाख लावली गेली.

ज्या माणसानं अख्ख्या जिल्ह्याच्या कालव्यांच्या पाणीपाळ्या लिहिल्या, त्याला दहा बाय बारा फुटांना पाणी मिळेना. कॉलनीच्या कोपऱ्यावर जुना हापसा होता. साहेबांनी दोन बादल्या घेतल्या.

बी त्यांनी स्वतःच शोधलं. बाईंना विचारलं असतं, तर तुमच्या हातचं कसं, असा प्रश्न निघाला असता. म्हणून बाई देवळात गेल्या असताना त्यांनी फळीवरच्या डब्यातून मेथीदाणे काढले. रंगानं जरा गडद होते. ते त्यांना चांगल्या जातीचे वाटले. ओळी आखून, दोरी धरून त्यांनी पेरणी केली आणि वहीत नोंद घातली.

सहाव्या दिवशी वाफा हिरवा झाला. साहेबांनी फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. त्याच भरात आकारामला फोन केला, "सप्तमीला दोघं दुपारी या, मेथी न्यायला."

नाथाजी कुंपणावरून बराच वेळ पाहत होते. "मगदूमसाब, मेथी अशी नसती वाटतं. आनि लाईन सोडून का उगवलीया?"

"सैन्यात मेथी शिकवतात का?" साहेबांनी विचारलं. नाथाजी मानी माणूस. ते त्या दिवसापासून कुंपणाकडे फिरकले नाहीत.

रोज सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन अशा सहा बादल्या हापशावरून यायच्या. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले, दुसऱ्यात ते फुटले, तिसऱ्यात तिथं घट्टे पडले. लोक बघायचे. जे पूर्वी कचेरीत हात जोडून उभे राहत, ते आता स्कूटर हळू करून "काय साहेब, दुष्काळ पडला काय?" असं विचारत. साहेब मान वर करत नसत. बाई खिडकीत बसून बघायच्या; पण भाजी हातात पडेपर्यंत वाफ्यात डोकवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा त्या म्हणाल्या, "बास करा. कंबर धरंल." साहेबांनी पुढची बादली उचलली. बाईंचा आवाज कार्तिकात जेवढा होता तेवढा राहिला नव्हता, आणि ते त्यांना ऐकवत नव्हतं.

सप्तमीच्या आदल्या दिवशी ते मंडईत गेले, ते उगाचच. आपल्या मेथीपेक्षा बाजारची किती वाईट आहे, एवढंच पाहायचं होतं. सुलाबाई भाजीवालीच्या पुढ्यात जुड्या रचलेल्या होत्या. साहेबांनी एक उचलली. एका काडीला तीन तीन गोल पानं. त्यांनी डोळे मिटले आणि आपला वाफा आठवला. तिथं पान एकेकटं होतं, टोकाला निमुळतं, आणि देठ तांबूस.

"काय झालं साहेब? बसा की जरा," सुलाबाई म्हणाली, कारण साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

चोवीस दिवस आपण कशाला पाणी घातलं? ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मेथीला घातलं नाही एवढं नक्की होतं. उद्या सप्तमी. परवापासून एकभुक्त. साहेबांनी आयुष्यात कधी न केलेलं काम केलं. मुळं शाबूत असलेल्या चार जुड्या त्यांनी विकत घेतल्या.

सप्तमीच्या सकाळी बाई देवळात गेल्यावर त्यांनी फाटकाजवळचा पट्टा उपटला आणि तिथं ती मेथी एकेक काडी करून लावली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत खोटा शेरा मारला नाही, आणि आता स्वतःच्या दारात खोटी भाजी. पण डोळ्यापुढे भिंत धरून उभी राहिलेली बायको होती, म्हणून ते लावत राहिले. बाई परतल्या, तेव्हा त्यांनी मेथी उपटून त्यांच्या ओंजळीत दिली.

बाईंनी मेथी नाकाशी नेली. "झाली व्हय हो," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. आत त्या गुणगुणत होत्या. कित्येक महिन्यांत त्या गुणगुणल्या नव्हत्या. साहेब ओट्यावर बसून ते ऐकत नखांतली माती काढत होते.

दुपारी ताट मांडलं. भाकरी, डाळ आणि मेथी. बाई आज पहिल्यांदा साहेबांच्या बरोबरीनं बसल्या. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, णमोकार मंत्र म्हटला, मग भाकरीचा तुकडा मोडून मेथी घेतली. घास उचलला, तशी बांगडी मनगटावरून पार कोपरापर्यंत घसरली.

"थांब," साहेब म्हणाले.

"काय झालं?"

"खाऊ नकोस. ती माझी नाही. मंडईतली आहे. काल आणली आणि सकाळी लावली. मी तुला फसवत होतो."

बाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी घास ताटात ठेवला. साहेबांना वाटलं, आता ही रडेल, नाही तर ओरडेल. त्यांनी मान खाली घातली. नोकरीतली, गावातली, व्याह्यांपुढची सगळी प्रतिष्ठा त्या एका वाक्यात गेली होती. आणि तरी घास परत खाली आलेला पाहून त्यांना मोकळा श्वास घेता आला.

"आनि वाफ्यात तुमी पेरलं काय हुतं?" बाईंनी विचारलं.

"मेथीदाणेच. फळीवरच्या डब्यातले."

"कुठल्या डब्यातलं?"

"पितळेच्या."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आवं, ते लोणच्यासाठी भाजून ठिवल्यालं! भाजल्यालं बी उगवतंय व्हय?"

डाळीवर साय धरली. तेवढ्यात फाटक वाजलं आणि बाहेरून अंजनाचा आवाज आला.

"आवं आक्का! हे कुनी उपटून टाकलंय?"

आकाराम आणि अंजना बोलावल्याप्रमाणे आले होते. अंजनाच्या हातात साहेबांनी सकाळी उपटून फाटकापाशी टाकलेला ढीग होता, आणि ती तो पोरासारखा छातीशी धरून उभी होती.

"तांदळी हाय की ही! लय गुणाची भाजी. बाळंतिणीला रक्त भरायला आमी हीच घालतो. आनि अशी टाकून दिलीसा?"

"तण आहे ते," साहेब पडेल आवाजात म्हणाले.

"तण कशाचं साहेब? आमच्या मेंढरांनी मिरजंच्या माळाला खाल्लीया, बी लेंडीतनं हितं पडलंय. अशी कवळी तिकडं बगायला मिळत न्हाई. पानी कुनी दिलंय हिला?"

बाई दारात आल्या होत्या. चौकट धरून त्यांनी वाफ्याकडे पाहिलं. टाकीच्या बाजूचा अर्धा वाफा अजून उभा होता, गुडघ्याएवढा आणि गच्च.

"तांदळी चालती मला," त्या म्हणाल्या.

आणि इथं धन्यकुमार मगदूम यांनी जे केलं, ते त्यांच्या नातेवाइकांना सांगून खरं वाटत नाही. ते आडवे आले.

"नाही," ते म्हणाले. "नियम नीट बघ. माझ्या हातचं पाहिजे. हे मी पेरलेलं नाही. मेंढरांनी पेरलंय. एकदा फसवलं तेवढं पुरे. मला तुझा नियम मोडायचा नाही."

आकाराम एकदा साहेबांकडे आणि एकदा आपल्या बायकोकडे बघत राहिला. त्याला अर्ज फेटाळताना साहेब पूर्वीही दिसले होते, पण स्वतःचाच अर्ज फेटाळताना नव्हते.

बाई पायरी उतरून आल्या. त्यांनी साहेबांचा उजवा हात धरला, उलटा केला आणि तळवा उघडला. चार बोटांच्या मुळाशी चार घट्टे होते. त्यांच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"बी कुनी का टाकंना," त्या म्हणाल्या. "हापसा मेंढरांनी मारला न्हाई. मी खिडकीत बसून रोज सा बादल्या मोजल्याती. सूर्य कलंडायच्या आत चूल पेटवायची हाय. विळी आना."

अंजनानं भाजी खुडून दिली, बाईंनी ती सात पाण्यांत धुतली आणि लसणाशिवाय, नुसत्या मिरचीच्या फोडणीवर परतली. आकाराम आणि अंजना ओट्यावर जेवायला बसले. आत दोन ताटं पुन्हा मांडली गेली. बाईंनी पुन्हा हात जोडले. या वेळी घास तोंडापर्यंत गेला.

त्या सावकाश चावत होत्या. साहेब आपल्या ताटाला न शिवता बघत होते. एक भाकरी संपली. बाईंनी टोपलीतून दुसरी घेतली. दिवाळीपासून त्यांनी दुसरी भाकरी घेतलेली साहेबांनी पाहिली नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि एवढ्या वयाच्या, एवढ्या मानाच्या माणसाला ते थांबवता येईना.

"आता आनि रडताय काय?" बाई म्हणाल्या. "भाजी संपलीया ताटातली. वाढा की."

साहेब उठले. पळी कुठं असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी कढईच उचलून आणली.